गाडी नव्हे, डबा बघा

साल एकोणीसशे एकाहत्तर. ते मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी मी टेलिफोन केंद्रात नोकरीला लागले आणि त्याच वर्षी आमच्या घरातल्या तीन बायका, माझी आत्या, माझी आई आणि मी, आगगाडीने परदेशी जाऊन आलो. तोवर आमच्या गल्लीतून असा एकच माणूस जाऊन आला होता आणि त्याची फजितीच झाली होती. फजिती आमचीही झाली. पण ती सांगताना माझी मान आजही ताठ होते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नव्हतं. ती आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची, आणि जहाजांची शिडं शिवायची. आमच्या देशाला समुद्र नाही, हे आधी सांगायला हवं. पण गावात जाड सुती कापडाची गिरणी होती, म्हणून कुणा धनिकाने कधीकाळी धान्याच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर शिडांचा कारखाना काढला, आणि तो चालला. आत्या तिथे पोरसवदा असताना शिरली ती तिथलीच झाली. कारखान्यातल्या बायका तिला कप्तान म्हणत. जिने आयुष्यात घोटाभर पाण्याच्या पुढे पाऊल टाकलं नाही ती कप्तान, म्हणून बाबांना त्या नावाचं फार हसू यायचं.

मी लहानपणी आत्याचा डबा घेऊन तिथे जायची. अख्खा मजला म्हणजे एकच खोली आणि खोलीभर लाकडी फळ्यांची जमीन, इतकी घासलेली की खिडकीचा उजेड तिच्यात पडलेला दिसावा. टेबल नाही, खुर्ची नाही. शीड जमिनीवर पसरलेलं, आणि त्याच्या कडेकडेने बुटक्या बाकांवर बसलेल्या बायका, मांडीवर कापडाचा ढीग, तळहातावर चामड्याची पट्टी, हातात दाभण आणि मेण लावलेला दोरा. खिडक्या कायम बंद. वाऱ्याने कापड हललं की आखणी चुकते. शिडांच्या त्या कारखान्यात वाऱ्यालाच बंदी होती.

आणि दुसरी बंदी जोड्यांना. जिना चढून आलं की बाहेरच्या दाराशी जोडे काढायचे, एका रांगेत, टाचा भिंतीला आणि चवडे बाहेर. तळव्याला चिकटून एखादा खडा आत आला तर कापड घासतं, आणि इथे घासलेलं तिकडे वादळात फाटतं. मालक आला तरी त्याला सूट नव्हती. एकदा कुणी बडा पाहुणा जोड्यांसकट आत शिरू लागला, तेव्हा आत्या दारात आडवी उभी राहिली आणि त्याच्या पायांकडे नुसती बघत राहिली. तो गृहस्थ मोज्यांवर आत आला. त्याच्या मोज्याला भोक होतं, ही गोष्ट कारखान्यात कित्येक वर्षं चवीने सांगितली जायची.

आईला मात्र या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. निदान तसं ती दाखवायची. आत्या संध्याकाळी घरी आली की आई कणीक मळता मळता विचारायची, "काय वन्सं, आज किती चादरी झाल्या?"

"एकच. पण तुझ्या माहेरची सगळी मंडळी एकदम झोपतील एवढी."

हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की तो झाला नाही तर मला दिवस मावळल्यासारखा वाटायचा नाही.

आदल्या शरदात कारखान्यात एका जहाजवाल्याची मागणी आली होती. त्याचं जुनं शिडाचं जहाज होतं, आणि त्याला सुती शीडच हवं होतं. तोवर सगळीकडे नायलॉन आलं होतं. कारखान्यातलं सुती कापडाचं हे शेवटचंच मोठं काम, असं मालकाने सांगून टाकलं होतं. आत्याने ते शीड सगळा हिवाळा जवळजवळ एकहाती शिवलं. वसंत संपताना जहाजवाला ते घ्यायला आला तेव्हा दारातच, कुणी सांगायच्या आत, वाकून जोडे काढू लागला. मग त्याने विचारलं, इथे कप्तान कोण. बायकांनी हसत आत्याकडे बोट दाखवलं. त्याने गुडघे टेकून शिवणीवरून अंगठा फिरवला, पार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि विचारलं की तुमची शिडं वाऱ्यात कशी दिसतात ते तुम्ही पाहिलंय का. आत्या नाही म्हणाली. तो म्हणाला, मग या. अमुक रविवारी दुपारी ओहोटी लागली की मी ते पहिल्यांदा चढवणार, आणि तसाच लांबच्या समुद्रात निघून जाणार. पुन्हा या बाजूला कधी येईन सांगता येत नाही.

त्या रात्री जेवताना आत्याचं पानात लक्ष नव्हतं. बाबांनी थट्टेने विचारलं, कप्तानाचं जहाज कुठे अडकलं. तेव्हा तिने हातातला घास खाली ठेवला.

"जमिनीवर सगळीच शिडं चांगली दिसतात," ती म्हणाली. "वारा भरला की मग कळतं, कुठे ताण आलाय, कुठे चुणी पडलीय. इतकी वर्षं शिवतेय, पण हातात कसब आहे की नाही ते मला माहीतच नाही. फाटलं तर शीड परत येतं. नाही आलं, तर एक तर टिकलं, नाहीतर बुडालं."

आई उठली, आत्याच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "जाऊन बघून या की मग. त्यात काय." बाबांना रजा मिळेना. आईच म्हणाली, "मी जाते बरोबर. वन्संना एकटं सोडलं तर परक्या देशात जाऊन लोकांना जोडे काढायला लावतील." मला नोकरीवर रुजू व्हायला अजून वेळ होता. म्हणून मीही निघाले.

आता फजिती झालेल्या त्या माणसाबद्दल. ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे, आणि सगळी गल्ली त्यांना जंक्शनकाका म्हणायची. आम्ही जाणार होतो तीच गाडी, हद्दीवरच्या जंक्शनला दोन तुकडे होणारी. पुढचा अर्धा भाग समुद्राच्या देशात, मागचा अर्धा डोंगराच्या देशात. काका ऐन उमेदीत भावाच्या शस्त्रक्रियेला समुद्राकडे निघाले, पाय मोकळे करायला मागच्या डब्यात गेले, तिथे कुणाशी तरी गप्पांत रमले, झोपले, आणि बर्फात उठले. तेव्हापासून कुठलाही विषय काढा, हवामान, राजकारण, दुधाचा भाव, काकांची गाडी त्या जंक्शनला येऊन थांबायचीच.

आमचा बेत कळल्यावर त्यांना जणू तारुण्य परत मिळालं. रोज संध्याकाळी ते वर येऊन बसायचे. पहिला सल्ला अर्थातच हा: गाडी बघू नका, डबा बघा. फलाटावर गाडीचं नाव एकच असतं, पण डब्याच्या दारावर पाटी वेगळी असते. ती वाचायची, चढायचं, आणि जंक्शन जाईस्तोवर तो डबा सोडायचा नाही. दुसरा: पासपोर्ट पिशवीत नाही, अंगावर. पिशवी विसरते, अंग विसरत नाही. तिसरा: जी बॅग स्वतःला डोक्याच्या वर उचलता येत नाही ती न्यायची नाही. यासाठी त्यांनी आईला बॅग आमच्या कपाटावर चढवून दाखवायला लावली. आईने चढवली, आणि वर ठेवलेला पितळी डबा खाली आला. मग बॅगेतून दोन जाड कपडे निघाले. चौथा: फळं, रोपटी, दूधदुभतं हद्दीपलीकडे नेता येत नाही, तेव्हा जे असेल ते आधीच संपवायचं. पाचवा: हद्द ओलांडली की घड्याळ तासभर पुढे. सहावा: अधिकारी विचारेल तेवढंच बोलायचं. हे सांगताना ते आईकडे बघत होते.

"मी कुठे जास्त बोलते?" आई म्हणाली, आणि त्यावर अर्धा तास बोलली.

पासपोर्टांची सोय आत्याने केली. शिडाच्या उरलेल्या कापडाच्या तीन पिशव्या, पोटाशी बांधायच्या, मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवलेल्या. त्या वादळातही उघडल्या नसत्या. आईने बांधून बघितली आणि म्हणाली, की अंगात चिलखत घातल्यासारखं वाटतंय, पण असू दे, चोराचीच बोटं मोडतील.

शनिवारी संध्याकाळी आम्ही निघालो. जंक्शनकाका स्टेशनवर पोचवायला आले. आमच्या आधी त्यांनीच डब्याची पाटी वाचली, मग आम्हा तिघींकडून मोठ्याने वाचून घेतली. बाबा खिडकीशी उभे होते. त्यांनी आत्याला एवढंच सांगितलं, "ताई, नीट बघून ये." त्यांचा थट्टेखोर चेहरा त्या वेळी अगदी वेगळा दिसला.

आमचा डबा समुद्राकडच्या भागातला शेवटचा होता. त्याच्या मागच्या दाराला लागून डोंगराकडचा पहिला डबा. आत लांब बोळ, आणि बोळाला तेल दिलेल्या लाकडी फळ्या. आत्या त्या फळ्यांकडे बघतच उभी राहिली. मागून लोक ढकलत होते. मग ती वाकली आणि तिने बूट काढले.

ते बूट म्हणजे आत्याची एकुलती एक हौस होती. तपकिरी, नाडीचे, मऊ चामड्याचे. दर रविवारी ती त्यांना मागच्या पायरीवर बसून पॉलिश करायची, आणि त्या वेळी तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालायचं नाही.

आई म्हणाली, काकांनी सांगितलंय की आपली वस्तू डोळ्यांसमोर ठेवायची. आत्या म्हणाली, एवढ्या स्वच्छ फळीवर जोड्यांनी चालायला मला नाही जमायचं. खरं तर आईचे नवे बूट तिला सकाळपासून चावत होते, तेव्हा तिने फार ताणलं नाही. मलाही काढावे लागले. आणि आत्याने तिन्ही जोड उचलून, आमच्या खोलीच्या दाराशी न ठेवता, सवयीने डब्याच्या मागच्या टोकाला, बाहेरच्या दाराशी नेऊन लावले. एका रांगेत, टाचा भिंतीला, चवडे बाहेर.

गाडीत आम्ही फळं संपवली, कारण काकांची ताकीद होती. आईने आम्हाला इतकी सफरचंदं खायला लावली की पुढे कित्येक महिने मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मग झोपलो.

पहाटे धक्का बसला आणि जाग आली. खिडकीबाहेर मोठं स्टेशन होतं. मी बोळातून मागच्या दारापर्यंत गेले. दाराच्या काचेतून पलीकडे डबाच नव्हता, नुसते रूळ होते, आणि मागचा अर्धा भाग दुसऱ्या रुळावरून डोंगराकडे वळताना दिसत होता. मी धावत येऊन सांगितलं की जंक्शन झालं आणि आपण बरोबर डब्यात आहोत. आईने हात जोडले. "जंक्शनकाकांचे पाय धरले पाहिजेत," ती म्हणाली, आणि खाली बघून थांबली. "वन्सं, आपले बूट?"

दाराशी बूट नव्हते.

तिकीट तपासनीस आला तेव्हा उलगडा झाला. या गाडीत, तो म्हणाला, रात्री जोडे बाहेर ठेवले म्हणजे ते पॉलिश करायला दिले असं धरतात. अटेंडंट ते गोळा करतो, पॉलिश करून पहाटे ज्याच्या त्याच्या खोलीच्या दाराशी ठेवतो. पण खोलीच्या दाराशी ठेवायचे असतात. दोन डब्यांच्या मधल्या दाराशी रांगेत लावलेले जोडे बघून अटेंडंटला वाटलं असणार की ते पलीकडच्या डब्यातल्या मंडळींचे. तो ते तिकडे घेऊन गेला, आणि ते आता डोंगर चढत होते.

तपासनीस सभ्य होता. त्याने तार करायची तयारी दाखवली. संध्याकाळच्या परतीच्या गाडीने बूट इथे येतील, तुम्ही प्रतीक्षालयात थांबा, रात्रीच्या गाडीने पुढे जा. आत्याने विचारलं, रात्रीच्या गाडीने बंदरात कधी पोचू. तो म्हणाला, उद्या सकाळी. आणि जहाज तर आज दुपारी जाणार होतं.

बाजारातून जोडे घ्यावेत तर रविवार, दुकानं बंद. आईच्या बॅगेत घरात घालायच्या सपाता होत्या, पण आत्याच्या पावलाला त्या चवड्यापर्यंतच आल्या असत्या. आत्याने एकदा घालून बघितल्या आणि काढून ठेवल्या. मग ती बाकावर बसली. तिच्या मोज्यांना अंगठ्यापाशी रफू केलेलं होतं. सुरेख रफू, पण रफूच. ती त्या रफूकडे बघत बसली. दारात आडवी उभी राहून बड्या लोकांना हरवणारी माझी आत्या, मी तिला इतकी लहान झालेली कधी पाहिली नव्हती.

"थांबू या इथेच," ती म्हणाली. "त्या माणसासमोर अशा पायांनी नाही जायची मी. कप्तान म्हणाला होता मला. बूट घेऊ आणि घरी जाऊ."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती समजूत घालेल. आईने बॅग खाली काढली, आत्याच्या पुढ्यात ठेवली, आणि म्हणाली, "वन्सं, उठा. आयुष्यभर जगाला अनवाणी चालायला लावलंत. आता एक दिवस स्वतः चाला."

आत्याने वर बघितलं. आई पुढे म्हणाली, "आणि ते मोजे काढा. भीक मागायला निघाल्यासारख्या दिसताय."

आत्याने मोजे काढले, घडी करून खिशात ठेवले, आणि उठली.

पासपोर्ट तपासायला सगळ्यांना फलाटावर उतरून कचेरीत जायचं होतं. पहाटेची गार फरशी, आणि रांगेत आम्ही तिघी, त्यातल्या दोघी अनवाणी आणि आई सपातांवर. अधिकारी तरुण होता, मिशी नुकतीच ठेवलेली. त्याने आधी आमच्या पायांकडे बघितलं, मग चेहऱ्यांकडे, आणि हात पुढे केला. आता पासपोर्ट काढायचे, तर आत्याच्या पिशव्यांचे बंद सुटेनात. मेणाच्या दोऱ्याची गाठ. आई पोटाशी झटापट करतेय, मी दाताने ओढतेय, मागची रांग खोळंबलीय. शेवटी आत्यानेच एका हिसक्यात तिन्ही गाठी सोडवल्या.

अधिकाऱ्याने विचारलं, व्यवसाय काय. आत्या म्हणाली, शिडं शिवते. त्याने पासपोर्ट उलटून देशाचं नाव पुन्हा बघितलं. तुमच्या देशात तर समुद्र नाही, तो म्हणाला. आत्या म्हणाली, नाही. प्रवासाचं कारण काय, त्याने विचारलं, आणि आता त्याचा आवाज बदलला होता. जोडे कुठे आहेत तुमचे?

आत्या खाली आपल्या पायांकडे बघू लागली. काकांचा सहावा सल्ला मला आठवला, पण आई पुढे सरकलीसुद्धा.

"साहेब, आज दुपारी तुमच्या देशाच्या बंदरात एक जहाज निघणार आहे," ती म्हणाली. "त्याचं शीड या बाईंनी शिवलंय. ह्या माझ्या थोरल्या नणंद. सबंध हिवाळा एका शिडावर घातला त्यांनी. ते वाऱ्यात कसं दिसतं एवढं बघायला आम्ही आलोय, आणि बघून परत जाणार. जोडे तुमच्या रेल्वेने पॉलिश करायला नेलेत."

मी आईला आत्याबद्दल असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. आत्यानेही. तिचे कान लाल झाले होते. अधिकाऱ्याने तिघींच्या पासपोर्टांवर शिक्के मारले आणि आत्याचा परत देताना तो खुर्चीतून किंचित उठला. आईने तिथेच उभं राहून घड्याळ तासभर पुढे केलं.

समुद्र दिसला तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले होते. आईने "अगंबाई" म्हटलं. आत्या समुद्राकडे बघतच नव्हती. ती त्याच्या कडेला उभ्या असलेल्या डोलकाठ्या न्याहाळत होती.

स्टेशनपासून बंदरापर्यंत उतरणीचा दगडी रस्ता होता. रविवार म्हणून माणसं ठेवणीतले कपडे घालून फिरायला निघालेली. बायका छत्र्या घेऊन, पुरुषांचे जोडे चकाकणारे. त्यांच्या नजरा आधी आमच्या तोंडावर यायच्या, मग खाली घसरायच्या आणि तिथेच अडकायच्या. आत्या सरळ बघत चालत होती, पण तिची चाल मंदावत चालली होती. दगड तापले होते, मलाही पोळत होतं. आई दोन पावलं मागे पडली. वळून बघितलं तर ती वाकून सपाता काढत होती. तिने त्या झटकल्या, बॅगेत कोंबल्या आणि आमच्या बरोबरीने येऊन चालू लागली. "घसरतात मेल्या," ती म्हणाली.

जहाज धक्क्याला लागलेलं होतं. बरीच पाहुणेमंडळी जमली होती. जहाजावर चढायच्या फळीपाशी धक्क्यावर जोड्यांचा ढीग पडलेला होता. पुरुषांचे, बायकांचे, उंच टाचांचे, सगळे. जहाजवाला वर उभा होता, अनवाणी, आणि एका लठ्ठ पाहुण्याला सांगत होता की माझ्या जहाजावर जोडे चालत नाहीत, तळव्याला खडा असला तर फळी घासते. पाहुणा कुरकुरत नाडी सोडत होता.

आत्या थांबली. तिने त्या ढिगाकडे बघितलं.

"रांग नाही लावलेली," ती म्हणाली. आणि त्या सगळ्या वाकलेल्या, नाड्यांशी झुंजणाऱ्या लोकांच्या मधून ती ताठ मानेने फळी चढून गेली. तिला कशासाठी थांबायचं कारणच नव्हतं. जहाजवाल्याने तिच्या पायांकडे बघितलं, आणि तो हसला, आपल्या माणसाकडे बघून हसावं तसा. "मी सांगतच होतो यांना," तो म्हणाला, "कप्तान तयारीनेच येणार."

मग शीड चढलं. चार माणसं दोर ओढत होती, आणि कापड डोलकाठीवर इंचाइंचाने वर जात होतं. आधी ते लोळागोळा होतं, मग फडफडू लागलं, इतकं की कानठळ्या बसाव्यात. आत्याने माझा दंड धरला होता. तिची नखं रुतत होती. मग जहाजवाल्याने सुकाणू जरासं वळवलं, आणि एकाएकी सगळा आवाज बंद झाला. वारा भरला होता. शीड फुगून गोल झालं, भरल्या पोटाच्या लेकरासारखं, आणि पायाखालची फळी तिरपी होऊन जहाज निघालं. बंदराच्या तोंडापर्यंत पाहुण्यांना नेऊन छोट्या होडीने परत पाठवायचं ठरलेलं होतं.

आत्याने माझा हात सोडला. ती शिडाच्या कडेकडेने चालू लागली, मान वर करून, शिवणीमागून शिवण बघत, तशीच जशी ती कारखान्यात संध्याकाळी दिवसभराचं काम तपासायची. फक्त इथे ते सगळं उभं होतं आणि जिवंत होतं. एकदा या टोकाला, एकदा त्या. कुणी तिच्या वाटेत आलं नाही. खालच्या कोपऱ्यापाशी ती थांबली. तिथे बोटभर चुणी होती. तिने तिच्यावर बोट ठेवलं.

"ही माझी," ती म्हणाली. "इथे दोरा जास्त ओढला गेला."

जहाजवाला म्हणाला, कापड ताणलं की ती निघून जाईल. आत्या म्हणाली नाही जाणार, मी ओळखते तिला. असू दे. बाकी कुठे नाही.

जहाजवाल्याने मग पाहुण्यांना जवळ बोलावून सांगितलं की हे शीड यांनी शिवलं. सगळ्यांच्या माना वर गेल्या. धक्क्याच्या रस्त्यावर ज्या नजरा आत्याच्या पायांत अडकल्या होत्या, तशाच नजरा आता वर अडकल्या आणि खाली येईनात. लठ्ठ पाहुण्याने टोपी काढली. आत्याने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ती कठड्याला टेकून उभ्या असलेल्या आईपाशी गेली.

"काय गं," ती म्हणाली, "कशी काय वाटली चादर?"

आईचे डोळे वाऱ्याने म्हणा, कशाने म्हणा, वाहत होते. तिने पदराने नाक पुसलं.

"चादर?" ती म्हणाली. "मी कधी चादर म्हटलं?"

परतीच्या वाटेवर जंक्शनला अटेंडंट फलाटावर वाट बघत उभा होता, बिचारा अगदी ओशाळलेला. तिन्ही जोड नाड्यांनी एकत्र बांधलेले, असे लखलखीत की आमचेच आहेत यावर विश्वास बसेना. आत्याने आपले उलटसुलट करून पाहिले आणि त्याला विचारलं, कुठलं पॉलिश वापरता. पुढची सगळी वाट ती रविवारसाठी तेच पॉलिश आणायचं म्हणत होती.

ही सगळी माणसं आता नाहीत. जंक्शनकाका आमच्यानंतर बरीच वर्षं जगले, आणि त्यांच्या सल्ल्यांत सातव्याची भर पडली: गाडीत जोडे काढलेत तर उशाशी घ्या. तो सल्ला ते जणू स्वतः भोगल्यासारखा सांगायचे. बाबांनी पुन्हा कधी कप्तान या नावाची थट्टा केली नाही. उलट कुणी नवखा भेटला की माझी बहीण शिडं शिवते, हे ते नमस्काराच्या आधी सांगायचे. कारखाना तीन-चार वर्षांनी बंद पडला आणि तिथे गोदाम झालं. आत्या तोवर तिथेच होती. तिने शेवटच्या दिवशी फळ्या पुसून घेतल्या आणि मगच किल्ली दिली. ती गेली तेव्हा कारखान्यातल्या म्हाताऱ्या बायका भेटायला आल्या. आमच्या दाराबाहेर सगळ्यांचे जोडे एका रांगेत होते, टाचा भिंतीला, चवडे बाहेर. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

जहाज पुढे फिरत फिरत कुठल्याशा दूरच्या बंदरात स्थिरावलं आणि तिथे पोरांना शिडकाम शिकवायला ठेवलं, असं जहाजवाल्याने पाठवलेल्या एका फोटोवरून कळलं. फोटोत शीड आहे. भिंग लावलं की खालच्या कोपऱ्यात चुणी दिसते. आत्या तो फोटो दाखवताना आधी ती चुणीच दाखवायची.

आई सगळ्यांत शेवटी गेली. चादर हा शब्द आपण कधी उच्चारला होता, हे तिने अखेरपर्यंत कबूल केलं नाही.

माझी नात येत्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर त्याच मार्गाने निघालीय. आता पासपोर्ट हद्दीवर कुणी बघत नाही म्हणे, आणि सगळं फोनवर असतं. मी तिला फक्त डब्याची पाटी वाचायला सांगितलं. आणि आत्याने शिवलेली ती पोटाशी बांधायची पिशवी दिली. एक शिवण उसवलेली नाही. तिला गाठ सोडवता येईना, तेव्हा मी तिला तो हिसका शिकवला.